वाचकांचे प्रश्न : सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आणि त्यांची राखण

गेल्या अंकात प्रशांत महासागरातील बेटांवर गोष्ट सांगण्याची परंपरा कशी राखली जात आहे, याविषयी एक टिपण आम्ही छापले होते. त्या बेटांवरचा इतिहास, वंशावळी, समुद्रातील वाटा आणि जमिनीचे हक्क हे सारे शतकानुशतके तोंडी चालत आले आणि आता ते टिकवण्यासाठी तेथील लोक स्वतःच पुढे आले आहेत, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. कागद, शिलालेख, नाणी यांच्याविना केलेले विधान म्हणजे दंतकथा, असेच आम्ही मुलांना सांगत आलो. ज्यांच्याकडे लिपीच नव्हती त्यांच्या तोंडी इतिहासावर कितपत विसंबायचे?
*— एक निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड*

आपण शिकवलेला नियम चुकीचा नाही, अपुरा आहे. व्हानुआटू हा ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील, १९८० मध्ये स्वतंत्र झालेला द्वीपदेश. त्यातील एफाटे बेटावर आणि आसपास रॉय माता नावाच्या थोर प्रमुखाची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. त्याने आपसांत लढणाऱ्या कुळांची भांडणे मिटवली, मृत्यूनंतर त्याला एरेटोका या लहानशा बेटावर परिवारातील माणसांसह पुरले आणि तेव्हापासून त्या बेटावर कोणी वस्ती करायची नाही असे ठरले, असे ती कथा सांगते. १९६७ मध्ये जोझे गारांजे या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने गावकऱ्यांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे तेथे उत्खनन केले, तेव्हा एका पुरुषाच्या भोवती पुरलेले चाळीसहून अधिक माणसांचे सांगाडे अंगावरील अलंकारांसह सापडले. कथेने जागा अचूक सांगितली होती आणि सामूहिक दफनही सांगितले होते. साल मात्र तिने सांगितले नव्हते, आणि ते ठरवताना शास्त्रज्ञांचीही तारांबळ उडाली, कारण आधीचे अनुमान तेराव्या शतकाचे होते आणि आता सतराव्या शतकाचा प्रारंभ मानला जातो. या कथेशी निगडित तीन स्थळांना २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

दुसरे उदाहरण फिजीचे. तेथील कांदावू बेटाच्या टोकाला नाबुकेलेवू नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. शेजारच्या ओनो बेटाचा देव तानोवो रोज सूर्यास्त पाहत असे. एके दिवशी हा पर्वत मध्ये उभा राहिलेला पाहून तो संतापला, पर्वताची माती उपसू लागला, पर्वताच्या देवाशी त्याची झुंज झाली आणि पळापळीत सांडलेल्या मातीची बेटे झाली, अशी तेथील कथा आहे. माणसांच्या डोळ्यांदेखत पर्वत उभा राहिला, एवढाच तिचा गाभा घेतला तरी तो भूगर्भशास्त्रज्ञांना पटण्यासारखा नव्हता, कारण १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या पाहणीत हा ज्वालामुखी हजारो वर्षे निद्रिस्त असल्याचे म्हटले होते. पुढे दोनेक वर्षांतच तेथे रस्त्यासाठी डोंगर कापला गेला आणि ज्वालामुखीच्या राखेच्या थराखाली मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले. स्फोट झाला तेव्हा तेथे माणसे राहत होती, हे त्यावरून सिद्ध झाले. हवाईमध्येही असेच घडले. किलाउएआ ज्वालामुखीचे विशाल विवर १७९० च्या सुमारास तयार झाले, असे अभ्यासक दीर्घकाळ मानत होते. ज्वालामुखीची देवी पेले आपल्या बहिणीचे वन जाळते आणि ती बहीण प्रियकराचे शव शोधण्यासाठी जमीन खोल खोल खणते, हे तेथील मंत्रगीतांतील वर्णन केवळ कविकल्पना समजले जाई. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भूशास्त्रीय लेखात, पंधराव्या शतकात अनेक दशके वाहिलेला लाव्हा आणि त्यानंतर खचलेले विवर हा क्रम त्या गीतांतील क्रमाशी जुळतो, असे दाखवून देण्यात आले.

म्हणजे काय, तर स्थळ, घटनांचा क्रम आणि नातेसंबंध या बाबतींत ही परंपरा बहुधा भक्कम असते. साल, संख्या आणि विजयाचे श्रेय या बाबतींत ती कच्ची असते. आपल्या बखरींचेही याहून फार वेगळे आहे असे वाटत नाही, आणि त्या तर लिहिलेल्या होत्या.

ती भक्कम का राहते, याचे कारण स्मरणशक्तीच्या चमत्कारात शोधू नये. न्यूझीलंडच्या माओरी समाजात वंशावळ जाहीर सभेत म्हटली जाई, आणि तीवर जमिनीचा हक्क अवलंबून असे. म्हणणाऱ्याने एक नाव गाळले तर समोरच्या कुळातील माणूस उठून हरकत घेणारच. १८६५ मध्ये इंग्रज सरकारने माओरींच्या जमिनींसाठी स्वतंत्र न्यायालय काढले आणि या तोंडी वंशावळी पुरावा म्हणून नोंदल्या जाऊ लागल्या. जमीन हातची जाणार असे दिसू लागल्यावर काही जणांनी सोयीच्या वंशावळी सांगितल्या, हेही खरे आहे. त्यामुळे त्या न्यायालयाच्या वह्या हा अभ्यासकांसाठी खजिना आहे आणि सापळाही. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत ज्यांनी आपल्या पणजोबांच्या हातची नोंद शोधली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तेथेही नोंदीला वजन येते ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्याची माणसे येऊन ती पुढे चालवतात म्हणून.

प्रश्न : आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. वृद्ध कथेकऱ्यांचे ध्वनिमुद्रण करून ते सुरक्षित ठेवले की प्रश्न मिटला, असे का म्हणू नये?
*— एक शिक्षिका, सिन्नर*

ध्वनिमुद्रण अवश्य करावे. परंतु प्रश्न मिटला असे म्हणण्यापूर्वी ईस्टर बेटाची, म्हणजे रापा नुईची हकीकत पाहावी. प्रशांत महासागरातील बहुतेक बेटांवर लिपी नव्हती, पण येथे लाकडी फळ्यांवर कोरलेली रोंगोरोंगो नावाची चिन्हे होती. १८६२ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी बेटावरील सुमारे दीड हजार माणसे पळवून नेली, आणि त्यांत या फळ्या वाचू शकणारे जाणकारही होते. जे थोडे परतले त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर केवळ १११ माणसे उरली होती. आज दोन डझनांच्या आसपास फळ्या जगभरच्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत आणि त्यांतील एक ओळही कोणाला खात्रीने वाचता येत नाही. वस्तू शाबूत राहिली. ती म्हणून दाखवणारी माणसे गेली, आणि वस्तू मुकी झाली.

ध्वनिफितीचे इतके वाईट होत नाही, कारण निदान आवाज तरी ऐकू येतो. पण तिच्यातून काय निसटते ते सामोआच्या उदाहरणावरून कळेल. तेथे फागोगो नावाचा कथाप्रकार आहे. तो रात्री, घरातल्या घरात सांगायचा असतो. दिवे मंदावलेले, मुले चटयांवर आडवी झालेली आणि आजी किंवा आजोबा सांगत असलेले. मध्येच कथेतील पात्र गाऊ लागते, ते गाणे सगळ्यांना पाठ असते आणि ऐकणारेही त्यात सूर मिसळतात. श्रोत्यांनी अधूनमधून 'आउए' असे म्हणायचे असते. त्यावरून सांगणाऱ्याला ऐकणारी मंडळी जागी असल्याचे कळते. आपल्याकडे गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा लागतो, न दिल्यास आजी गोष्ट थांबवते, तोच हा प्रकार. आता अशा आजीला टेबलापाशी बसवून, समोर माइक ठेवून 'सांगा' म्हटले तर ती सारांश सांगते. संग्रहालयांतून पडून असलेल्या पुष्कळ ध्वनिफितींत असे सारांशच आहेत, असे मला वाटते.

शिवाय फीत टिकते असे आपण समजतो, तेही अर्धसत्य आहे. चुंबकीय फितींवर बुरशी धरते, त्या चिकटतात, आणि त्या वाजवणारी यंत्रे मिळेनाशी होतात. प्रशांत महासागरातील भाषांच्या जुन्या फिती अभ्यासकांच्या घरी माळ्यांवर नष्ट होत चालल्याचे पाहून २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांनी एकत्र येऊन पॅराडिसेक हा संग्रह सुरू केला आणि त्या फितींचे अंकीकरण केले. आज त्यात हजाराहून अधिक भाषांतील सामग्री आहे. हे काम मोलाचे आहे, आणि त्यातून फितीवरील आवाज ज्यांच्या आजोबांचा होता त्यांच्यापर्यंत पुन्हा पोहोचतो, हे त्याचे मोल मला सर्वांत मोठे वाटते.

मला या साऱ्यांत अधिक शहाणपणाची वाटते ती व्हानुआटूची पद्धत. या देशाची लोकसंख्या सुमारे तीन लाख, म्हणजे नाशिक शहराच्या लोकसंख्येचा एक लहानसा भाग, आणि भाषा शंभराहून अधिक. बाहेरच्या अभ्यासकांनी येऊन हे गोळा करायचे म्हटले तर कित्येक पिढ्या लागतील. तेथील राष्ट्रीय सांस्कृतिक केंद्राने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावोगावच्या माणसांनाच क्षेत्रकार्यकर्ते म्हणून तयार करायला सुरुवात केली. हे कार्यकर्ते पगारी नोकर नाहीत. ते शेतकरी आहेत, मासेमार आहेत, आपापल्या गावातच राहतात आणि आपल्याच भाषेत, आपल्याच नात्यातील वृद्धांकडून ऐकतात. वर्षातून एकदा ते राजधानी पोर्ट व्हिला येथे जमतात. त्या वर्षीचा विषय आधी ठरलेला असतो, आणि प्रत्येक जण आपल्या भागात त्याविषयी काय सांगितले जाते ते बिस्लामा या सामाईक भाषेत उभे राहून मांडतो. दुसऱ्या बेटावरचा कार्यकर्ता ते ऐकून म्हणतो की आमच्याकडे हे असे नाही. त्या चर्चेतूनच पुष्कळ जणांना घरी परतल्यावर काय विचारायचे ते सुचते. प्रारंभी हे सारे पुरुषच होते. स्त्रियांचे ज्ञान पुरुषांना कोण सांगणार, हे लक्षात आल्यावर १९९४ मध्ये स्त्री-कार्यकर्त्यांची स्वतंत्र कार्यशाळा सुरू झाली आणि चटया विणण्यापासून बाळंतपणापर्यंतच्या कितीतरी गोष्टी प्रथमच नोंदीत आल्या.

या पद्धतीत फीत तयार होतेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फीत करणारा माणूस स्वतः कथा शिकतो आणि तो गावातच राहतो.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. या कथा जगाचा ठेवा असतील तर त्या सर्वांसाठी इंटरनेटवर खुल्या का करू नयेत? काही संग्रह कुलपात ठेवले जातात असे वाचले आणि नवल वाटले.
*— इंदिरानगर*

जगाचा ठेवा हे विशेषण बहुधा ज्यांचा तो नसतो तेच देतात. या समाजांत कथा ही बहुतेक वेळा कोणाची तरी असते. एखादी कथा एका कुळाची, एखादे गाणे एका गावाचे, एखादे ज्ञान दीक्षा घेतलेल्यांचे. दुसऱ्याने ते ऐकले तरी सांगण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. व्हानुआटूच्या ज्या केंद्राचा वर उल्लेख केला, तेथे ध्वनिफिती आणि चित्रफिती ठेवण्याची एक निषिद्ध खोली आहे. गावकरी आपली सामग्री तेथे ठेवतात आणि ती कोणी पाहावी, कोणी पाहू नये, स्त्रियांनी की पुरुषांनी, याच्या अटी सांगतात. केंद्र त्या पाळते. अशी हमी मिळते म्हणूनच वृद्ध माणसे विश्वासाने बोलतात, हे तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. उद्या ती खोली सर्वांना खुली केली तर परवापासून तेथे नवे काही येणार नाही. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९८५ मध्ये, व्हानुआटूने परदेशी अभ्यासकांच्या मानवशास्त्रीय संशोधनावर बंदी घातली होती आणि ती १९९४ पर्यंत चालली. बंदी उठली तेव्हा नियम आला की, संशोधकाने गावाच्या संमतीने काम करावे, स्थानिक कार्यकर्त्याला बरोबर घ्यावे आणि कामाची फळे गावाला परत द्यावीत.

पण कुलूप हा एकच मार्ग आहे असेही नाही, आणि येथे माऊ पियाइलुग यांचे उदाहरण आठवते. मायक्रोनेशियातील सातावाल नावाच्या चिमुकल्या बेटावरील हे नावाडी. तारे, लाटा, पक्षी आणि या सर्वांना बांधून ठेवणारी पाठांतरे यांच्या आधारे समुद्र ओलांडण्याची विद्या त्यांनी लहानपणी आजोबांकडून घेतली होती. ही विद्या घराण्याबाहेर द्यायची नाही, असा दंडक. हवाईमध्ये ही विद्या पूर्वीच लोपली होती, आणि पॉलिनेशियाच्या, म्हणजे हवाई, ताहिती यांसारख्या बेटांच्या, लोकांनी आपली बेटे जाणीवपूर्वक शोधली की वाऱ्याने भरकटत ते तेथे पोहोचले, असा वाद अभ्यासकांत चालू होता. १९७६ मध्ये होकूलेआ ही जुन्या धाटणीची जोडनौका पियाइलुग यांनी कोणत्याही उपकरणाविना हवाईहून ताहितीला नेली. सुमारे चार हजार किलोमीटरचे ते अंतर त्यांनी महिन्याभरात पार केले. पुढे त्यांनी हवाईच्या तरुणांना ही विद्या शिकवली. स्वतःच्या बेटावरील मुले शाळा आणि मोटारबोटी यांच्याकडे वळली होती. बाहेरच्यांना दिले नाही तर ती आपल्याबरोबर जाईल, हे त्यांना दिसत होते. त्यांच्याच लोकांपैकी काहींनी त्यांच्यावर टीका केली. २००७ मध्ये त्यांनी सातावालवर हवाईच्या शिष्यांना रीतसर दीक्षा दिली आणि २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी दंडक मोडला, पण तो मोडण्याचा अधिकार त्यांचा होता. एखाद्या संकेतस्थळाच्या चालकाचा तो नव्हे, एवढाच फरक मी तुमच्या नजरेस आणून देतो. तुमच्या विद्येचा उपयोग मात्र भरपूर आहे. कोणाला काय दिसावे याचे नियम नीट पाळणारी संग्रहप्रणाली गावाच्या हाती देणे, हे काम अभियंत्यांवाचून होणार नाही.

प्रश्न : आमची नातवंडे मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. त्या बेटांवरही तसेच असेल, तर गोष्टी राखून ऐकणार कोण?
*— एक आजी, पंचवटी*

तेथे परिस्थिती याहून बिकट झाली होती. हवाईमध्ये १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले आणि दोन-तीन पिढ्यांत घरातली भाषा तुटली. न्यूझीलंडमध्ये माओरी आजी-आजोबांनी यावर जो उपाय काढला तो आपल्याला आवडेल. १९८२ मध्ये त्यांनी बालवाड्या सुरू केल्या, ज्यांत मुलांशी बोलायचे ते वृद्धांनी आणि तेही केवळ माओरीत. मधली पिढी भाषा विसरलेली, म्हणून तिला ओलांडून आजीचा हात थेट नातवाच्या हाती दिला. हवाईने ती कल्पना उचलली आणि १९८४ मध्ये तशीच पहिली बालवाडी काढली. १९८७ मध्ये माओरी न्यूझीलंडची अधिकृत भाषा झाली.

हवाईच्या बाबतीत आणखी एक आश्चर्य आहे. लिपी मिशनऱ्यांनी आणली हे खरे, पण ती हाती येताच तेथील लोकांनी स्वतःच आपल्या कथा लिहून काढण्याचा सपाटा लावला. १८३४ ते १९४८ या काळात हवाईयन भाषेत शंभराहून अधिक वृत्तपत्रे निघाली, त्यांची पाने सव्वा लाखाच्या घरात जातात आणि त्यांत लांबलचक पुराणकथा क्रमशः छापल्या जात. कोणी चुकीचे लिहिले तर दुसऱ्या बेटावरचा वाचक पुढच्या अंकात पत्र लिहून खोडून काढी. २०११ च्या अखेरीस हजारो स्वयंसेवकांनी ही पाने घरबसल्या टंकित करायला घेतली. तोंडी परंपरा आणि छापील अक्षर ही एकमेकांची वैरी आहेत, हे आपण उगाचच धरून चालतो.

नातवंडांबद्दल म्हणाल, तर त्यांनी इंग्रजीत उत्तर दिले तरी गोष्ट मराठीतच चालू ठेवावी. हुंकाराला भाषा लागत नाही.

प्रश्न : समुद्राची पातळी वाढून ही बेटेच बुडणार असतील, तर तेथील कथांचे पुढे काय?
*— देवळाली कॅम्प*

तुवालू हा सुमारे अकरा हजार वस्तीचा देश आहे आणि त्याची जमीन समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर आहे. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार तेथील २८० माणसांना दरवर्षी ऑस्ट्रेलियात वास्तव्याचा परवाना मिळतो. २०२२ मध्ये तुवालूच्या मंत्र्यांनी आपल्या बेटांची आणि संस्कृतीची अंकीय प्रत तयार करण्याची घोषणा जागतिक हवामान परिषदेत केली. घोषणा लक्षवेधी होती, परंतु ज्या कथेत प्रत्येक खडकाला आणि प्रवाळाच्या प्रत्येक खिंडीला नाव आहे, ती कथा तो खडक न पाहिलेल्या मुलाला ब्रिस्बेनच्या उपनगरात कशी सांगायची, हा प्रश्न कोणत्याही यंत्राने सुटणारा नाही.

कथा आणि जागा यांचा संबंध किती व्यावहारिक असतो, हे सॉलोमन बेटांवर दिसले. २ एप्रिल २००७ रोजी तेथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांतच त्सुनामी आली. समुद्र मागे हटला की टेकडीकडे पळायचे, हे मूळ रहिवाशांना वाडवडिलांकडून माहीत होते. बाधित भागात गिल्बर्ट बेटांवरून काही दशकांपूर्वी आणून वसवलेले लोकही होते, आणि त्यांच्या मूळ प्रदेशात अशा भूकंपांची आठवण नव्हती. उघड्या पडलेल्या समुद्रतळाकडे कुतूहलाने धावलेली मुले बहुतांशी त्यांची होती. एकूण ५२ माणसे दगावली आणि त्यांत या वसाहतकऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार अधिक होते. ज्यांना आता स्थलांतर करावे लागणार आहे, त्यांना आपल्या कथा बरोबर नेताना नव्या जागेच्या कथाही शिकाव्या लागतील, आणि त्या सांगण्याची तयारी तेथील रहिवाशांनी दाखवावी लागेल.

प्रश्न : आमच्या सुरगाणा तालुक्यात थाळीवर कथा सांगणारी मोजकीच माणसे उरली आहेत. माझे चुलत आजोबा त्यांपैकी एक. आम्ही दोघे-तिघे तरुण त्यांच्या कथा राखू इच्छितो. या बेटांकडून काय शिकावे आणि प्रत्यक्षात काय करावे?
*— एक प्राथमिक शिक्षक, सुरगाणा*

ज्या वाचकांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणा आणि वारली समाजांत धातूच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक बारीक काडी उभी करतात आणि तिच्यावरून वरून खाली बोटे ओढतात. त्यातून जो अखंड घुमारा उठतो त्याच्या साथीने कथा गाइली जाते. धान्यदेवता कणसरीची कथा अशीच चालते, आणि मार्गशीर्षातील डोंगऱ्या देवाच्या उत्सवातही थाळी वाजते.

सर्वप्रथम आजोबांना विचारा की, यांपैकी कोणती कथा केव्हा सांगायची असते आणि कोणती एरवी सांगायची नसते. जी उत्सवातच सांगायची ती उत्सवातच मुद्रित करा, मग त्यासाठी वर्षभर थांबावे लागले तरी चालेल. कथा रात्रभर चालत असेल तर रात्रभर मुद्रण चालू ठेवा. विडी ओढण्यासाठी थांबले, कोणी काही विचारले, कोणी हसले, ते कापू नका. समोर ओळखीची, हुंकार देणारी माणसे बसलेली असू द्या. फोन विमानअवस्थेत ठेवा, म्हणजे ऐन रंगात घंटी वाजणार नाही, आणि थाळीच्या अगदी जवळ ठेवू नका, कारण घुमाऱ्यात शब्द बुडतात. गाणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला आपल्याच आवाजात तारीख, तिथी, गाव, सांगणाऱ्याचे नाव, त्यांनी ही कथा कोणाकडून घेतली ते नाव आणि मुद्रणाला त्यांची संमती असल्याचे बोलून ठेवा. वेगळ्या कागदावर लिहिलेली माहिती हरवते. फितीतच असलेली हरवत नाही.

महाराष्ट्रातही या कामाचा उत्तम नमुना आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि आता त्यांपैकी पुष्कळ गाणाऱ्या स्त्रियांच्या नावा-गावासह 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात उपलब्ध आहेत. त्या ओव्या वेळीच जमल्या हे चांगले झाले, कारण गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटे जात्यावर बसण्याचा प्रसंगच संपला. लग्नातील हळद दळण्यापुरते जाते उरले. तुमच्याकडे प्रसंग अजून शिल्लक आहेत. म्हणून मुद्रणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे द्या. तुमच्या दोघा-तिघांपैकी एकाने तरी आजोबांच्या शेजारी बसून थाळी हातात घ्यावी. पहिल्या वर्षी केवळ घुमारा धरावा, दुसऱ्या वर्षी ध्रुपदापुरते गावे, एखादी छोटी कथा पुढे केव्हातरी. शाळेत तुम्ही शिक्षक आहात, पण या कामात आपण शिष्य आहोत हे आजोबांना दिसले तर ते सांगताना हात आखडता घेणार नाहीत.

शेजारच्या गावांतील कथेकऱ्यांना वर्षातून एकदा एकत्र बोलवा आणि एकच कथा प्रत्येकाकडून ऐका. तुमचे आजोबा दुसऱ्याची कथा ऐकून 'असे नाही, आमच्याकडे असे आहे' म्हणतील, तेव्हा मुद्रण चालू असू द्या. मुद्रणाच्या तीन प्रती करा: एक तुमच्याकडे, एक तालुक्याबाहेर राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाकडे, आणि एक आजोबांच्या घरी, त्यांच्या घरातील जो फोन रोज वापरला जातो त्यात वाजते याची खात्री करून. ती बाहेर कोणाला द्यायची असेल तेव्हा आजोबांना विचारा. ते नसतील तर त्यांच्या घरच्यांना आणि ज्यांनी थाळी शिकली त्यांना विचारा.